चैत्राआधीचा चाफा

मी खुरचाफ्याची फांदी बोलतेय. खरं तर आता मला फांदी म्हणायचं की सरपण, हाच प्रश्न आहे. नवी पेठेच्या मागच्या बोळात वेणीमाधव मास्तरांचं बिऱ्हाड आहे. त्यांच्या न्हाणीघरात, तांब्याच्या बंबाशेजारी, मी पडलेय. माझे दोन तुकडे झालेत. सकाळी सोनाबाई बंब पेटवायला येईल तेव्हा माझी पाळी. तोवर थोडा वेळ आहे, म्हणून तुमच्याशी चार शब्द बोलून घेते.

माझा जन्म याच घराच्या परसात, विहिरीच्या काठावरच्या झुडपावर झाला. झुडूप बुटकं, पण खमकं. आमची चाफ्याची जात मुळात संथ. थंडी पडली की आम्ही पानं टाकून देतो आणि उघडेबोडके उभे राहतो. येणारेजाणारे म्हणतात, ‘वाळलं वाटतं झाड!’ आम्ही ऐकून घेतो. चैत्र येऊ दे, मग बोलू, असं मनात म्हणतो. आमच्या अंगात पांढरा चीक असतो, त्यात सगळा साठा असतो. झाडापासून तोडली तरी चाफ्याची फांदी त्या साठ्यावर फूल काढू शकते. मुळं नाहीत, माती नाही, तरी फूल! या गोष्टीचा मला एके काळी फार अभिमान होता.

मास्तरांना एकच मुलगी, पद्मजा. तिच्या आधीची दोन लेकरं गेलेली. पद्मजा नऊ वर्षांची, दोन वेण्या, एक कायम सुटलेली. मुलींच्या शाळेत तिसरीत होती. शाळेत हेमावतीबाई म्हणून एक शिक्षिका होत्या. ‘आमच्या बाई म्हणाल्या’ हे शब्द पद्मजाच्या तोंडून दिवसभरात इतक्यांदा यायचे, की विहिरीवरचा रहाटसुद्धा तेवढा कुरकुरत नसेल.

त्या वर्षी संक्रांत नुकतीच झाली होती. सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा भरते, तिच्यातले पाळणे अजून उतरले नव्हते. एका सकाळी पद्मजा कोयता घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. घरची भांडी घासायला आणि पाणी भरायला येणारी सोनाबाई विहिरीवर होती. ती ओरडली, “अगं ए पोरी, ती वाळकी काटकी कशाला तोडतीस? चुलीला व्हय?”

“चुलीला काय! मी हिला फुलवणार आहे. घरात.”

“काटकीला फुलं येत्यात व्हय कुटं!”

“येतात. बाईंनी सांगितलंय. सृष्टिज्ञानाचा प्रयोग आहे. ऊन पाण्यात ठेवायची, गारठा लागू द्यायचा नाही. मग फांदीला वाटतं, चैत्र आला. ती फसते आणि फुलते.”

“लई शिकली की पोरगी!” म्हणत सोनाबाईनं कोयता हातात घेतला आणि एका घावात मला उतरवलं. दुखलं मला, खोटं कशाला सांगू? पण पद्मजानं माझा चीक वाळेपर्यंत मला उन्हात निजवलं. मग काठ फुटलेल्या लोणच्याच्या बरणीत बंबातलं कोमट पाणी ओतून मला त्यात उभं केलं. जुन्या लुगड्याची चिंधी ओली करून माझ्या शेंड्याला गुंडाळली, ताप आलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवतात तशी. बरणी माजघरातल्या खिडकीत ठेवली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “लवकर फूल हं. जिची फांदी आधी फुलेल, तिला बाई फळ्यावर स्वतःच्या हातानं लिहू देणार आहेत. खडूनं! सगळ्या वर्गासमोर.”

एवढं बोलून ती दप्तर घेऊन शाळेला पळाली. तिच्यासाठी फुलायचं, असं मी तेव्हाच ठरवलं होतं.

त्याच दुपारी माढ्याहून मास्तरांचे थोरले भाऊ आले. यज्ञेश्वरदादा. माढ्याच्या एका देवळात त्यांच्याकडे पूजा होती. आईवडील लवकर गेल्यावर धाकट्या भावाला त्यांनीच वाढवलं आणि शिकवलं. त्यांच्यासमोर मास्तरांनी कधी आवाज चढवला नव्हता. माणूस वाईट नव्हता, हे मी मुद्दाम सांगते. वाईट असता तर त्याला नाही म्हणणं सोपं गेलं असतं.

“वेणू, पद्मीचं काय ठरवलंयस?” त्यांनी पाटावर बसताबसताच विचारलं. “सरकारचा नवा कायदा येतोय. एप्रिलपासून चौदा वर्षांच्या आत मुलीचं लग्न करायचं नाही. चौदा! तोवर मुलगी घरात ठेवायची? माढ्यालाच चांगलं स्थळ आहे. मुलगा सोळाचा, घरातली माणसं चांगली. फाल्गुनात उरकून टाकू.”

स्वयंपाकघराच्या दारात पद्मजाची आई, रुक्मिणी, उभी होती. तिच्या हातातली पळी तशीच राहिली.

त्या वर्षी सोलापुरात काय चाललं होतं ते तुम्हाला सांगायला हवं. कायदा लागू व्हायच्या आत लग्नं उरकण्याची लोकांना अशी घाई झाली होती, की वाजंत्रीवाल्यांना जेवायला उसंत नव्हती. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. इथं नवऱ्यामुलांना बिचाऱ्यांना पत्ताच नव्हता, उतावळे होते ते बाप आणि आजे. झोपलेल्या पोरींना कडेवर घेऊन मांडवात आणलेलं मी खिडकीतून पाहिलंय.

मास्तरांना हे लग्न नको होतं. मुलीनं सातवी पास व्हावं, शिक्षिका व्हावं, असं ते रुक्मिणीला पुष्कळदा सांगायचे. पण भावाच्या तोंडावर ‘नाही’ हा शब्द काही त्यांच्या तोंडून निघेना. शेवटी ते चाचरत म्हणाले, “दादा, आपण देवाचा कौल घेऊ या.”

“घेऊ की. आत्ताच कळे लावतो,” असं म्हणून दादा देव्हाऱ्याकडे वळलेसुद्धा.

मास्तरांचा चेहरा उतरला. देवाच्या अंगाला चिकटवलेले फुलांचे कळे कुठल्या बाजूनं पडतील कुणी सांगावं? त्यांची नजर इकडेतिकडे फिरली आणि माझ्यावर थांबली. मी नुसती राखाडी काठी. पानाचा पत्ता नाही.

“कळे नकोत,” ते म्हणाले. “ही चाफ्याची फांदी बघा. महाशिवरात्रीपर्यंत हिला फूल आलं, तर महादेवाची मर्जी. तुम्ही म्हणाल तसं लग्न करू. नाही आलं, तर पोरीची सातवी होईपर्यंत हा विषय काढायचा नाही.”

चाफा चैत्राआधी फुलत नाही हे शेंबडं पोरही सांगेल. मास्तरांनी सुटकेची वाट शोधली होती, तीही भावाला न दुखवता. फांदी बरणीत का ठेवलीय, पाणी ऊन का, हे त्यांनी मुलीला विचारलं नव्हतं. मास्तर जगाच्या मुलांना धडे विचारायचे. आपली मुलगी आज काय शिकली, हे विचारायचं त्यांच्याकडून राहून जायचं.

दादांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग हात जोडून म्हणाले, “महादेवानं मनात आणलं तर काठीलाही फूल येईल.” त्यांनी मास्तरांच्या तळहातावर बेलाचं पान ठेवलं आणि वचन घेतलं. “आता एक ध्यानात ठेवा. जिच्यासाठी कौल लावला, तिच्या कानावर यातलं काही जाता कामा नये. सांगितलंत, तर कौल मोडला. देवाचा कोप होतो.”

‘कोप’ म्हटल्यावर रुक्मिणीनं डोळे मिटले. दोन लेकरं पुरलेली आई ती.

मी मात्र सगळं ऐकलं होतं. आणि मला तोंड नव्हतं.

संध्याकाळी गिरणीचा भोंगा झाला आणि पद्मजा ताजं कोमट पाणी घेऊन आली. तिनं जुनं पाणी काढलं, नवं ओतलं, माझी चिंधी भिजवली. मी मनाशी म्हटलं, फुलायचं नाही. काही झालं तरी नाही. पण तुम्हाला काय सांगू, ऊन पाणी ते ऊन पाणी! पायातून वर चढत आलं, की आतला चीक जागा व्हायचा. सकाळी ती मला उन्हाच्या कवडशात सरकवायची, संध्याकाळी बंबाशेजारी आणून ठेवायची. परसातल्या माझ्या बहिणी थंडीत गाढ झोपल्या होत्या. माझा शेंडा फुगायला लागला.

हे आधी रुक्मिणीच्या ध्यानात आलं. पद्मजा शाळेत गेली, की ती मला उचलून मागच्या ओट्यावर गार फरशीवर ठेवायची. बरणीतलं पाणी ओतून रांजणातलं थंडगार पाणी भरायची. एकदा तिनं आजूबाजूला पाहिलं, माझ्यासमोर उकिडवी बसली आणि हलक्या आवाजात म्हणाली, “फुलू नकोस गं बाई. तुझ्या पाया पडते.” आणि खरंच तिनं बरणीला डोकं टेकवलं. मला त्या वेळी वाळून जावंसं वाटलं.

पद्मजा घरी आली की खिडकी रिकामी बघून ओरडायची, “आई! परत बाहेर ठेवलीस? तू ना, विसरतेसच. हिला गारठा लागता कामा नये, बाई म्हणाल्यात.” मग मला कडेवर घेऊन आत आणायची. आई मान खाली घालून तांदूळ निवडत राहायची.

एके दिवशी सोनाबाई म्हणाली, “वैनी, ही काटकी सारकी पायात येती. बंबात घालू का?”

रुक्मिणीनं झटकन वर पाहिलं. तिच्या ओठांवर ‘घाल’ आलं होतं, मी शपथेवर सांगते. पण पद्मजा आतून धावत आली आणि तिनं मला दोन्ही हातांनी कवटाळलं. “सोनाबाई, हात लावलास तर बघ!”

“न्हाय गं बाई, न्हाय लावत. तुजी काटकी तुला.”

रुक्मिणीनं तो शब्द गिळला. बोलली असती तर पोरीनं विचारलं असतं, का? त्याचं उत्तर द्यायला तिला बंदी होती.

मास्तरांना उशिरा कळलं. एका रविवारी ते वर्तमानपत्र वाचत बसले होते. पद्मजा तांब्या घेऊन आली, तशी त्यांनी सहज विचारलं, “हे रोज काय चालतं तुझं?”

तिनं भडाभडा सगळं सांगितलं. ऊन पाणी, कवडसा, ओली चिंधी, फसलेली फांदी, फळा आणि खडू. सांगताना तिचे डोळे चमकत होते. मास्तरांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. उठून माझ्याजवळ आले. माझ्या शेंड्यावर कळ्यांचा झुपका स्पष्ट दिसत होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

“अभ्यास सोडून हे कसले उद्योग?” त्यांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

“अण्णा, हाच तर अभ्यास आहे की!”

 ते मला हातही लावेनात आणि माझ्यावरची नजरही काढवेना त्यांना. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली त्यांची.

महाशिवरात्र आली. आदल्या दिवशीच माढ्याहून दादा येऊन उतरले होते आणि पहाटे सिद्धेश्वराच्या दर्शनाला गेले होते. उजाडलं. मी सगळा जोर लावून कळ्या आवळून धरल्या होत्या. आजचा एक दिवस, फक्त एक. पण बंब पेटला होता, खिडकीत ऊन आलं होतं, आणि माझ्या सगळ्यात वरच्या कळीचा पीळ सुटायला लागला. तुम्हाला शिंक आवरता येते का? तसंच होतं ते.

मास्तर आले. त्यांनी पाहिलं. दोन पाकळ्या सुटल्या होत्या. त्यांनी मागे वळून बघितलं, कुणी नव्हतं. त्यांचा हात पुढे आला. बोटं माझ्या झुपक्याशी येऊन थांबली. तोडा, मास्तर, तोडा! मी किती ओरडत होते!

“अण्णा, हात लावू नका! उमलतंय!”

पद्मजा दारात उभी होती, केस मोकळे, नुकती न्हालेली. मास्तरांनी हात मागे घेतला. ती धावत आली, तिनं श्वास रोखून पाहिलं आणि माझ्यासमोरच ती कळी पूर्ण उलगडली. पांढरी, आत पिवळी. पोरगी नाचायलाच लागली. “फुलली! फुलली! आई, ये ना गं! सोनाबाई, बघ! काटकीला फुलं येत नाहीत म्हणत होतीस ना?” ती अख्ख्या बोळात ओरडत गेली. शेजारपाजार गोळा झाला. देवळातून परतणाऱ्या काकांना तिनंच हाताला धरून ओढत आणलं. “काका, बघा, मी फुलवली!”

दादा माझ्यासमोर उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना खरंच चमत्कार वाटला. “महादेवाचा कौल,” ते पुटपुटले. मग त्यांनी ते फूल हळूच खुडलं आणि देव्हाऱ्यातल्या पिंडीवर वाहिलं.

पद्मजा हरखून गेली. “आई, काकांनी माझं फूल देवाला वाहिलं! आता बाकीच्या कळ्या उद्या उमलतील, मी बरणीच शाळेत घेऊन जाईन.”

रुक्मिणी भिंतीला टेकून खाली बसली होती. मास्तर परसात निघून गेले.

दुसऱ्या दिवशी माझी आणखी तीन फुलं उमलली. पद्मजा दप्तर अडकवून, बरणी छातीशी धरून दारात उभी राहिली. फळ्यावर काय लिहायचं ते तिनं पाठ केलं होतं: ‘आज माझी फांदी फुलली.’ रुक्मिणीनं तिच्या हातातून बरणी काढून घेतली.

“आज शाळा नाही, पद्मा.”

“आहे की! सुट्टी काल होती.”

मग आईनं तिला मांडीवर घेतलं आणि सांगितलं. आता सांगायला हरकत नव्हती, कौल लागून गेला होता. माढ्याचं स्थळ, फाल्गुनातला मुहूर्त, अण्णांचं वचन, मी. सासूला संधिवात आहे, हाताखाली मुलगी हवी आहे, म्हणून लग्नानंतर लगेच पाठवायचं. पद्मजानं सगळं ऐकलं. मग माझ्याकडे बघत तिनं विचारलं, “म्हणजे मी ऊन पाणी घातलं म्हणून?”

आईनं तिची सुटलेली वेणी बांधायला घेतली.

“आई, मला सांगायचं की गं. मी नसतं घातलं.”

एवढंच. रडली नाही. मला वाटतं, ती रडली असती तर मला जरा बरं वाटलं असतं.

फाल्गुनात लग्न झालं. माझी राहिलेली फुलं तिच्या वेणीत गुंफली होती. मांडवात ती दोनदा पेंगली, तेव्हा मामानं तिला सावरून धरलं. मुलीचा हात मुलाच्या हातात देताना मास्तरांनी मान फिरवली. निघताना तिनं आईला बजावलं, “माझं दप्तर कुणाला देऊ नकोस हं.” आई म्हणाली, “नाही देत.” गाडी माढ्याला गेली.

मग खरा चैत्र आला. परसातल्या माझ्या बहिणी आपल्या वेळेला, आपल्या मुळांवर, भरभरून फुलल्या. मी बरणीत वाळत गेले. साठा संपला होता. रुक्मिणी मात्र मला टाकेना. रोज पाणी बदलायची. थंड पाणी. सोनाबाई म्हणायची, “वैनी, मेलेल्या काटकीला कशाला पानी?” ती रांजणातून तांब्या भरून घ्यायची.

नागपंचमीला पद्मजा माहेरी आली. मी वाट बघत होते. दारातून एक छोटी बाई आली, नऊवारी लुगडं नेसलेली, पदर डोक्यावर, हाताला चुलीचे चटके. आल्याआल्या तिनं विचारलं, “आई, भांडी राहिलीत का?” रुक्मिणी म्हणाली, “बस गं जरा.” तिला बसवेना. चार दिवस ती झाडत, पुसत, आवरत राहिली. बोळातल्या पोरी झोक्यावर बोलवायला आल्या, तर म्हणाली, “मला नाही वेळ.”

रुक्मिणीनं परसातली फुलं ओंजळभर आणली. “वेणी करून देऊ?”

“नको. मला नाही आवडत चाफा.”

मग आईनं सांगून पाहिलं, “तुझ्या हेमावतीबाई भेटल्या होत्या. विचारत होत्या तुला.”

“हं,” ती म्हणाली आणि केरसुणी घेतली.

आज दुपारी ती खिडकी पुसायला आली. उद्या सकाळच्या गाडीनं तिला माढ्याला परत जायचंय. तिनं बरणी उचलली, पाणी मोरीत ओतलं, माझ्या अंगावरची चिंधी सोडली आणि त्याच चिंधीनं खिडकीची चौकट पुसून काढली. “आई, ही वाळून खडखडीत झालीय की. कशाला ठेवलीस? वाळकं घरात ठेवू नये, सासूबाई म्हणतात.”

“राहू दे गं, पद्मा.”

‘आमच्या बाई म्हणाल्या’ म्हणणारी पोरगी आता ‘सासूबाई म्हणतात’ म्हणत होती. तिनं मला गुडघ्यावर ठेवून मोडलं. मोडण्याआधी तिचा अंगठा माझ्या शेंड्यावरच्या खुणेवर, फूल खुडलं होतं तिथं, जरासा थांबला. तिला काही आठवलं का, ते मला कळलं नाही. मग तिनं दोन्ही तुकडे बंबाशेजारी नेऊन टाकले आणि हात झटकले.

माझा तिच्यावर राग नाही. तिनं माझ्यावर जेवढी माया केली तेवढी झाडानंही केली नव्हती. तुमच्या परसात चाफा असेल, तर थंडीत त्याला उघडाबोडका उभा राहू द्या. त्याचा चैत्र त्याला येऊ द्या. आणि घरात पोर असेल, तर तिलाही. माझी एवढीच विनंती आहे.

सोनाबाई सकाळी येईल. बाहेर श्रावणाची झड लागलीय, बाकीचं सरपण ओलं आहे. मी कोरडी आहे, चांगली पेटेन. पद्मजाची अंघोळ आधी होईल, तिला गाडी गाठायचीय. सोनाबाई, मला सगळ्यात खाली घाल, म्हणजे पाणी लवकर ऊन होईल. तिला गारठा लागता कामा नये.